थोरलीचं उत्तर

१

सकाळचा चहा झाला की आमचे सासरे, आबा, तळघरात उतरतात आणि मोठ्या टाकीवर ठोकतात. दोनदा लागोपाठ, मग जरा थांबून तिसऱ्यांदा. ठक-ठक, ठक. त्यानंतर समोरच्या बाकावर थोडा वेळ बसतात आणि वर येऊन कामाला लागतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, लाकूड तपासत असतील. पुढे वाटलं, वयाचा परिणाम असेल. पुढे काही वाटेनासं झालं, कारण रोज दिसणाऱ्या गोष्टीचं कुणाला काही वाटत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या वाइन करतात. उतारावर द्राक्षबाग, खाली घर, घराखाली तळघर. तळघरात ओळीने पिंपं मांडलेली, आणि त्यांच्या टोकाला, पार छताला टेकलेली, ही लाकडी टाकी. घरात तिला सगळे थोरली म्हणतात. द्राक्षं पायांनी तुडवायची, सालासकट रस थोरलीत भरायचा आणि तिच्यावर सोडून द्यायचं. बाहेरचं यीस्ट नाही, साखर नाही. आबांचं म्हणणं असं, की जे काही लागतं ते थोरलीच्या लाकडातच आहे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई, त्यामुळे लाकडात नेमकं काय असतं ते आबांना समजावून सांगायचा प्रयत्न मी केला होता. एकदाच केला.

रस आंबला की खालच्या तोटीतून वाइन काढून घेतात. तळाशी उरतो सालांचा आणि बियांचा चोथा. तो उपसायला माणसाला आत जावं लागतं. दार एवढंसं, जेमतेम खांदे जातील इतकंच, जमिनीलगत. आंबताना जो वायू सुटतो तो जड असतो, तळाशी साचून राहतो, त्याला रंग नाही, आणि माणसाला कळेपर्यंत कळायची वेळ गेलेली असते. म्हणून घरात नियम आहे. बाहेरच्याने हातोडीने टाकीवर ठोकत राहायचं, आत गेलेल्याने लाकडी खुरप्याने भिंतीवर तसंच उत्तर द्यायचं. बोलायचं नाही, आत शब्द घुमतात आणि दमही लागतो. दारातून डोकावायचं तर अजिबात नाही, कारण डोकावणाऱ्याचं डोकं दार बंद करतं आणि हवा अडते. उत्तर येतंय तोवर सगळं ठीक. उत्तर थांबलं की पाय धरून ओढायचं.

आत्याबाईंना असंच ओढून काढलं होतं. आत्याबाई म्हणजे आबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, इथेच राहिल्या. तळघराच्या जिन्यापाशी त्यांचं टेबल आहे आणि सगळ्या बाटल्यांना लेबलं त्याच लावतात. पट्टी न लावता. शंभर बाटल्या शेजारी उभ्या करा, लेबल केसभर वरखाली दिसणार नाही. लहानपणी म्हणे वांड होत्या, जमत नसताना दिवसभर शीळ घालायच्या, अख्ख्या घराच्या नाकी नऊ आणायच्या. टाकीत चक्कर येऊन पडल्या, बाहेर काढलं, आणि तेव्हापासून एकदम शहाण्या झाल्या. हे सांगताना घरातले सगळे हसतात. आत्याबाईही हसतात, सगळ्यांच्या जरासं नंतर.

२

या हंगामात थोरली पहिल्यांदा रिकामी केली तेव्हाची गोष्ट. नवरा आत होता, मी बाहेर. माझ्या हातात लाकडी हातोडी, दुसऱ्या हातात वायू मोजायचं यंत्र. ते यंत्र मी भांडून आणायला लावलंय. नियम नियमाच्या जागी, पण नवरा एकच आहे.

ठक-ठक, ठक. ठक-ठक, ठक. मधेमधे फावड्याचा आवाज, दारातून बाहेर पडणारा काळपट जांभळा चोथा. शेवटी त्याचे बूट बाहेर आले, मग पोट अडकलं, मग शिव्या आल्या आणि त्यांच्यामागून तो आला.

"वजन कमी करा आता," मी म्हटलं. "नाहीतर पुढच्या वेळी टाकीच कापावी लागेल."

"तू बाहेर उभी राहून गप्पा मार," तो तोंड पुसत म्हणाला.

मी हसता हसता हातोडी खाली ठेवणार होते. पण इतका वेळ हात चाललेला, म्हणून सवयीने अजून एकदा ठोकलं. ठक-ठक, ठक.

आतून उत्तर आलं.

नवरा माझ्यासमोर उभा होता. त्याचं खुरपं त्याच्या कमरेला होतं. आम्ही दोघांनी टाकीकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"लाकूड आहे," तो म्हणाला. "रिकामं झालं की आकसतं."

"तालात?"

"अगं, आवाज घुमला असेल. तूच ना विज्ञानवाली?"

एवढं बोलून तो अंघोळीला गेला. मीही मान डोलावली. लाकूड आकसतं हे खरंच आहे. आवाज परत येतो हेही खरं आहे. पण परत येणारा आवाज आपला आवाज संपला की लगेच येतो. हा आला तो जरा थांबून. आधी ऐकून घ्यावं, मग उत्तर द्यावं, तसा.

३

मी लगेच घाबरणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तळघरात कुणी नाही असं बघून, विजेरी घेऊन खाली गेले. दुपारी तळघरात छान उजेड असतो. वरच्या झरोक्यांतून पिंपांवर उन्हाचे पट्टे पडतात. कुठेतरी तोटी गळत होती. आधी ती घट्ट केली, म्हणजे नंतर तिच्यावर ढकलता येणार नाही.

थोरलीचं दार उघडं होतं. यंत्र आत सरकवलं, ते गप्प राहिलं. मग पोटावर झोपून विजेरी आत धरली. आत गोल भिंत, वाइनने काळी झालेली, तळाला थोडा ओलावा. काही नाही. उंदीर नाही, पाइप नाही, सैल फळी नाही. मी सगळीकडे विजेरी फिरवली, अगदी छतापर्यंत.

मग उठले आणि ठोकलं.

काही नाही. मी स्वतःवरच खूश झाले. हातोडी ठेवायला वळले, आणि मागून आलं. आधी एक, ओझरतं. मग नीट. ठक-ठक, ठक. त्याच्या शेवटी एक बारीकसा आवाज, म्हणजे कुणीतरी ओठांतून हवा सोडून शीळ घालायचा प्रयत्न करावा आणि ती जमू नये, तसा.

 पुन्हा खाली वाकून विजेरी मारली. भिंत, ओलावा, काही नाही. मला राग आला. राग आला की माझी भीती जाते, म्हणून मी हातोडी उचलून दाणदाण ठोकायला लागले.

"एवढ्या जोरात नको," मागून आबा म्हणाले. "दचकते."

ते जिन्यात उभे होते. कधी आले मला कळलं नव्हतं.

"आबा, आत काय आहे?"

"काही नाही. टाकी आहे." त्यांनी माझ्या हातातून हातोडी घेतली आणि खुंटीला अडकवली. "दुपारी ठोकत जाऊ नकोस, सूनबाई. सकाळी मी ठोकतो तेवढं बास आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आजारी माणसाच्या खोलीबाहेर येऊन हळू बोलावं, तसे ते बोलत होते. वर जाताना माझं लक्ष आत्याबाईंच्या टेबलाकडे गेलं. त्या तिथेच बसल्या होत्या, लेबलं लावत. मी उतरताना ती खुर्ची रिकामी होती, हे मी शपथेवर सांगू शकते. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

४

त्या आठवड्यात मी नवऱ्यामागे भुंगा लावला. स्टीलच्या टाक्या घेऊ. धुवायला सोप्या, माणसाला आत जावं लागत नाही, आजकाल सगळे तेच वापरतात. एकही मुद्दा खोटा नव्हता. खरा मुद्दा मात्र मी बोलले नाही. इतकी वर्षं सगळ्यांना समजावत आले की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि आता कुठल्या तोंडाने सांगणार की टाकीत कुणीतरी शीळ घालतंय?

नवरा तयार झाला. हंगामाची शेवटची वाइन उतरली की थोरली मोडायची आणि लाकूड सुताराने घेऊन जायचं. जेवताना आबांना हे सांगितलं. मला वाटलं होतं, आकाशपाताळ एक करतील. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच कसंतरी झालं.

"मी जाईपर्यंत थांबा," ते एवढंच म्हणाले.

"आबा, लाकडासाठी कशाला जीव टाकता?" नवरा म्हणाला.

आत्याबाईंनी आबांपुढचं ताट जरासं सरळ केलं. "मोडू दे, दादा," त्या म्हणाल्या. "आता कशाला हवी?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते त्यांच्याकडे कधीच बघत नाहीत, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

शेवटची वाइन उतरली आणि नवऱ्याची पाठ धरली. तो जिन्याच्या वरच बसून राहिला. गडी सगळे बागेत. मी म्हटलं, मीच जाते. तेवढ्यात आमची लेक म्हणाली, "आई, तू दारात अडकशील. मी जाते."

तिला आम्ही मुंगी म्हणतो. लहानपणी होती एवढीशी, आणि एका जागी बसणं माहीत नाही. आता कॉलेज संपवून घरी आलीय, तरी गुण तेच. ओला टॉवेल पलंगावर, दार उघडलं की उघडंच, आणि कुठलीही गोष्ट सांगितली तशी करेल तर शपथ. लहान असताना तिची नि आमची खोली शेजारी होती, तेव्हा झोपायच्या आधी ती भिंतीवर ठोकायची. घरातलीच खूण, ठक-ठक, ठक. पण तिला शेवटी नखाने एक बारीक टिचकी मारल्याशिवाय चैन पडायचं नाही. टिक. मी रागवायचे, नियमात टिक नाही. ती दुप्पट जोरात टिक करायची.

"तू नको," मी म्हटलं.

"का?"

मी हातातलं यंत्र उगाच पुसत राहिले.

"शेवटची वेळ आहे, आई. टाकीच जाणार. या घरात जन्मले आणि थोरलीत एकदाही गेले नाही, असं मुलांना सांगू का?"

मी यंत्र आत धरलं. ते गप्प होतं. दुसऱ्यांदा धरलं, तरी गप्प. मग मी दारातून बाजूला झाले.

५

ती सापासारखी सरकून आत गेली. आतून लगेच आलं. ठक-ठक, ठक, आणि टिक. मला हसू आलं आणि जीव जरा खाली बसला. मी उत्तर दिलं.

चोथा बाहेर येत राहिला. मी घमेली भरत होते आणि ठोकत होते. आबा बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर, डोळे मिटून. आत्याबाई टेबलापाशी. ठक-ठक, ठक, टिक. ठक-ठक, ठक, टिक.

नंतर यंत्राने किंचाळायला सुरुवात केली. खालचा चोथा ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. हे मला माहीत होतं. मी ते शिकवलेलं आहे.

"मुंगे, बाहेर ये!" मी ओरडले.

ठक-ठक, ठक.

उत्तर आलं, म्हणून मी थांबले. उत्तर येतंय तोवर सगळं ठीक. या घरात इतकी वर्षं काढल्यावर हे हाडांत मुरतं. मी वाट बघत राहिले तिचे बूट दिसण्याची.

"मुंगे!"

ठक-ठक, ठक. शांत, एका मापात.

टिक नव्हतं.

मी विजेरी घेऊन दारात डोकं घातलं. मुंगी दाराजवळच पालथी पडली होती, बूट माझ्याकडे, दोन्ही हात पोटाखाली. तिचं खुरपं चोथ्यात रुतलेलं. आणि समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, आवाज चालूच होता. ठक-ठक, ठक. माझ्या विजेरीचा उजेड तिथवर नीट पोचला नाही. दोन तळवे तेवढे दिसले. अनवाणी, लहान मुलीचे, तुडवणाऱ्यांचे होतात तसे जांभळे. एका पायाची बोटं दुसऱ्या पायाच्या बोटांवर चढवलेली, वाट बघून कंटाळलेली मुलं चढवतात तशी.

मी श्वास रोखून बूट धरले आणि ओढलं. नवरा पाठ विसरून खाली धावत आला, त्याने ओढलं. ती बाहेर आली, निळसर पडलेली. आम्ही तिला झरोक्याखाली नेलं, पाठ चोळली, तोंडाने श्वास दिला. माझ्या तोंडून काय काय निघत होतं मला आठवत नाही. मग तिने हवा ओढली. खोकली. डोळे उघडले.

मी हमसून हमसून रडले. नवराही रडत होता. आत्याबाई स्वच्छ फडकं घेऊन आल्या, मुंगीच्या शेजारी बसल्या आणि तिचा चेहरा हळूहळू पुसायला लागल्या.

"आता बरं वाटेल हं," त्या म्हणाल्या. त्या हसत होत्या. आमच्यापैकी कुणीच हसत नव्हतं.

आबा बाकावरून उठले नव्हते. मुंगीला घेऊन जाताना त्यांनी माझा हात धरला.

"ओढायच्या आधी तिचं उत्तर आलं होतं का?" त्यांनी विचारलं. "तिचं?"

मी हात सोडवून घेतला. त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला होता की बोलले असते तर काहीही बोलले असते.

६

डॉक्टर म्हणाले, वेळेवर काढलंत. मेंदूला इजा नाही, काही दिवस विश्रांती द्या. मुंगी घरी आली.

टॉवेल वाळत घातलेला असतो, टोकाला टोक जुळवून. खोलीत गेली की दार लावून घेते. मी ओट्यापाशी उभी असले की येऊन म्हणते, "आई, तू दमली असशील, बस." नवरा हरखून गेलाय. म्हणतो, माणसाला एक धक्का बसावा लागतो. दुपारी ती जिन्यापाशी जाऊन आत्याबाईंना लेबलं लावायला मदत करते. दोघी बोलत नाहीत. बाटली इकडून तिकडे सरकते एवढाच आवाज येतो. काल मी त्या बाटल्या बघितल्या. कुणी कुठली लावली ते सांगता येत नाही.

मी स्वतःला समजावलं. मरणाच्या दारातून आलेली पोर बदलेल नाहीतर काय? बूट धरून मी स्वतः ओढलंय. बूट तिचेच होते. हनुवटीखालचा तीळही जागेवर आहे, मी बघितला. झोपेत बघितला, विजेरी लावून, आणि मग माझीच मला लाज वाटली.

तरीही आज दुपारी ती पडलेली असताना मी आमच्या खोलीत गेले आणि मधल्या भिंतीवर ठोकलं.

ठक-ठक, ठक. लगेच उत्तर.

मी कान भिंतीला लावून उभी राहिले. थकली असेल. नखं कापली असतील. मोठी झालीय, विसरली असेल. पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच उत्तर, स्वच्छ, एका मापात.

"काही हवंय का, आई?" भिंतीपलीकडून तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग झोप की थोडी," ती म्हणाली. मी भिंतीला जिथे कान लावला होता, आवाज अगदी तिथूनच आला.

७

मी तळघरात उतरले. आबा बाकावर बसले होते. दुपारी ठोकू नकोस म्हणणारे हेच आबा. खुंटीवरची हातोडी त्यांनीच काढून माझ्या हातात दिली.

थोरलीचं दार उघडं होतं. आतून धुऊन घेतलेली, रिकामी. झरोक्यातला उन्हाचा पट्टा दारातून थेट आत पडला होता आणि तळाची फळी न् फळी दिसत होती. वर अंगणात सुताराची पावलं वाजत होती. आज तो थोरली मोडायला येणार होता, मीच बोलावलं होतं.

मी ठोकलं. ताल चुकला.

काही नाही. तोटीतून पडणारं पाणी. वर बाटली सरकल्याचा आवाज.

मग फार लांबून, टाकी आहे त्याहून खूप खोल असावी तसं, एक थाप आली. चाचपडत. मग दुसरी. मग बराच वेळ काही नाही, आणि तिसरी.

मी देवाची प्रार्थना करत होते की एवढ्यावरच थांबू दे.

टिक.

 मी गुडघ्यांवर बसले आणि त्या ओल्या लाकडाला गाल लावला. आत पुन्हा झालं, या वेळी जोरात, रागावलेल्या पोरीने करावं तसं. टिक. टिक.

सुतार हत्यारांची पिशवी घेऊन खाली आला. "वहिनी, वरच्या कड्यांपासून सुरू करू ना?"

"नाही," मी म्हटलं.

"म्हणजे खालून?"

"टाकी मोडायची नाही. तुम्ही जा."

तो गोंधळून माझ्याकडे आणि आबांकडे बघत राहिला. "अहो, पण तुम्हीच तर..."

"जा म्हटलं ना."

तो गेला. वरून मुंगीच्या गळ्यातून गोड आवाजात हाक आली, की आई, चहा ठेवलाय, आबांनाही घेऊन ये. मी तोंड पुसलं, हातोडी नीट धरली आणि या वेळी ताल न चुकता ठोकलं, म्हणजे तिला कळेल की मी आहे.

आबा बाकावर जरा सरकले आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली.